साक्षीदाराची आठवण : भीती, वय आणि इन्साफ
(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीस साहेबांनी मला निमंत्रण दिले तेव्हा "कायद्याविषयी चार शब्द बोला" एवढेच सांगितले होते. कायदा हा विषय समुद्रासारखा आहे. त्यातला कोणता घोट आपल्यासमोर ठेवावा, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी असा विषय निवडला की ज्याचा संबंध न्यायालयाशी आहे, तितकाच शाळेशी आणि घराशीही आहे. तो विषय म्हणजे डोळ्यांनी पाहणाऱ्याची साक्ष. माणूस घाबरलेला असताना जे पाहतो ते त्याला कितपत बरोबर आठवते? लहान मूल आणि वृद्ध माणूस यांच्या सांगण्यावर किती विसंबावे? आणि त्यांचे सांगणे आपण कसे ऐकावे?

या विषयाकडे मी वळलो त्याला एक कारण आहे. ते प्रथम सांगतो. वकिलीची माझी सुरुवातीची वर्षे होती. तालुक्याच्या न्यायालयात मारहाणीचा एक खटला चालला होता आणि मी आरोपीतर्फे उभा होतो. फिर्यादीच्या बाजूने सत्तरीचे एक गृहस्थ साक्षीला आले. रात्रीची वेळ, आरडाओरडा, स्वतःच्या पुतण्याला होत असलेली मारहाण. हे सारे त्यांनी दहा-पंधरा हातांवरून पाहिले होते. उलटतपासणीत मी त्यांना विचारले, मारणाऱ्याच्या सदऱ्याचा रंग कोणता? काठी उजव्या हातात होती की डाव्या? मारहाण किती मिनिटे चालली? पोलीस जबाबात त्यांनी एक सांगितले होते, न्यायालयात दुसरे सांगितले. मी तोच प्रश्न तीन-तीनदा फिरवून विचारला. ते गोंधळले, घामाघूम झाले. मागे बसलेले लोक हसले. माझा अशील सुटला. संध्याकाळी एस. टी. स्टँडवर ते गृहस्थ भेटले. ते एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, रंग चुकला असंल. पण मी खोटं नाय बोललो."

त्या रात्री मारणारा माझा अशील होता की आणखी कोणी, हे मला आजही ठाऊक नाही. कायद्याप्रमाणे संशयाचा फायदा आरोपीला मिळायला हवा आणि तो मिळाला, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तो वृद्ध माणूस खोटे बोलत नव्हता, एवढे मला पिंजऱ्यासमोर उभा असतानाच कळले होते. तरीही मी त्याला चारचौघांत खोटा ठरवले. त्याची आठवण कमी पडली होती आणि मी त्याच्या इमानावर बोट ठेवले.

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा सारा आशय या एका भेदात आहे. खरेपणा वेगळा आणि अचूकपणा वेगळा. खरे बोलणारा माणूस चुकू शकतो. आणि तो चुकला म्हणून लबाड ठरत नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ह्यूगो मन्स्टरबर्ग नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ होते. १९०८ साली त्यांनी साक्षीदाराच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी स्वतःचीच फजिती सांगितली आहे. कुटुंब बाहेरगावी असताना त्यांचे घर फोडले गेले. पुढे न्यायालयात त्यांनी शपथेवर साक्ष दिली. चोर तळघराच्या खिडकीतून शिरले, त्यांनी घड्याळ कागदात गुंडाळून ठेवले होते, अशा गोष्टी त्यांनी खात्रीने सांगितल्या. नंतर उघड झाले की चोरांनी तळघराचे दार फोडले होते आणि घड्याळ कागदात नव्हे तर टेबलावरच्या कापडात गुंडाळले होते. आठवणीचा अभ्यास करणारा हा विद्वान. त्याला खोटे बोलण्याचे काही कारण नव्हते, घटनेलाही फार दिवस झाले नव्हते. तरी आठवणीने दगा दिला.

आपल्या बुजुर्ग विद्वानांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता, हे या सभेत मुद्दाम सांगावेसे वाटते. हदीस शरीफ जमवताना मुहद्दिसांनी प्रत्येक कथन करणाऱ्याची, म्हणजे रावीची, कसून पारख केली. त्या पारखीच्या दोन मुख्य अटी होत्या. एक 'अदल', म्हणजे माणूस सचोटीचा असणे. दुसरी 'जब्त', म्हणजे ऐकलेले जसेच्या तसे जपून ठेवण्याची ताकद असणे. एखादा रावी कितीही परहेजगार असला, तरी त्याची स्मरणशक्ती कच्ची असेल तर त्याचे कथन दुबळे मानले गेले. पण त्याला लबाड म्हटले गेले नाही. लबाडांचा वर्ग निराळा होता. मी त्या वृद्ध गृहस्थाच्या बाबतीत हे दोन वर्ग एक केले होते.

आता आठवण चुकते कशी, ते पाहू. आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की डोळे म्हणजे कॅमेरा आणि डोके म्हणजे फोटो ठेवण्याची पेटी. पेटी उघडली की फोटो जसाच्या तसा बाहेर येतो. वास्तविक तसे घडत नाही. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते. जुळवताना मध्ये पडलेली भोके आपण ऐकीव गोष्टींनी, अंदाजाने आणि विचारणाऱ्याच्या शब्दांनी बुजवतो. आणि हे करताना आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी याचा एक सोपा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताचे छोटे चित्रपट दाखवले आणि मोटारींचा वेग विचारला. काहींना विचारले, "मोटारी एकमेकींवर जोराने आदळल्या तेव्हा वेग किती होता?" काहींना विचारले, "एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?" चित्रपट तेच, फरक फक्त एका क्रियापदाचा. पहिल्यांनी सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितले, दुसऱ्यांनी सुमारे ३२ मैल. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्यानंतर विचारले, काचा फुटलेल्या दिसल्या का? चित्रपटात काचा फुटलेल्याच नव्हत्या. तरीही 'आदळल्या' हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होय म्हटले. साधी 'धडक' एवढाच शब्द ऐकलेल्या ५० जणांत असे ७ निघाले. म्हणजे विचारणाऱ्याचा शब्द पाहणाऱ्याच्या आठवणीत जाऊन बसला.

हे झाले शांतपणे खुर्चीवर बसून पाहणाऱ्यांचे. जो माणूस भीतीने थरथरत आहे त्याचे काय? लोक म्हणतात, "तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही." हे वाक्य मी न्यायालयात अनेकदा ऐकले आहे. परंतु अनुभव आणि संशोधन दोन्ही सांगतात की हे वाक्य मनापासून उच्चारलेले असले तरी नेहमी खरे ठरत नाही. भीतीच्या क्षणी माणसाचे लक्ष आक्रसते. समोर सुरा किंवा पिस्तूल असेल तर नजर त्या हत्यारावर खिळते. हत्यार नीट आठवते, धरणाऱ्याचा चेहरा निसटतो.

लंडनमध्ये 'लंडन डंजन' नावाचे एक भीतीदायक प्रदर्शन आहे. अंधाऱ्या भुलभुलैयात एकाएकी कोणीतरी अंगावर येते, असा तो प्रकार. टिम व्हॅलेंटाइन आणि जान मेसू यांनी तेथे आलेल्या ५६ लोकांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. भुलभुलैयात भेटलेल्या माणसाला नंतर नऊ छायाचित्रांतून ओळखायचे होते. ज्यांना कमी भीती वाटली त्यांच्यातील शेकडा ७५ जणांनी बरोबर ओळखले. ज्यांना अधिक भीती वाटली त्यांच्यातील शेकडा १७ जणांनाच ते जमले. हे लोक तर पैसे देऊन मौजेखातर घाबरायला आले होते!

कोणी म्हणेल, सामान्य माणसे भित्री असतात, सैनिकांचे तसे नसते. २००४ साली अमेरिकन सैन्यातील पाचशेहून अधिक जणांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शत्रूच्या हाती सापडल्यास कसे टिकावे, याचे ते प्रशिक्षण होते आणि त्यात खोटी पण कठोर चौकशी होत असे. चौकशी करणारा माणूस अर्ध्या तासाहून अधिक वेळ समोर, उजेडात असे. तरी दुसऱ्या दिवशी माणसांच्या रांगेतून त्याला ओळखायला सांगितले, तेव्हा धक्काबुक्कीच्या चौकशीनंतर शेकडा ३० जणांनाच तो ओळखता आला. सौम्य चौकशी करणाऱ्याला मात्र शेकडा ६२ जणांनी ओळखले. तेव्हा हा प्रश्न हिमतीचा नाही, माणसाच्या घडणीचा आहे.

अर्थात नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीच एकतर्फी साक्ष दिली असे होईल. कॅनडातील युइल आणि कटशॉल यांनी १९८६ साली एका खऱ्या गोळीबाराच्या साक्षीदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदुकांच्या दुकानापाशी भर दिवसा ही घटना घडली होती. चार-पाच महिन्यांनंतर तेरा साक्षीदारांना पुन्हा विचारले, तेव्हा त्यांचे सांगणे बरेचसे अचूक निघाले. मुद्दाम घातलेल्या दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांनाही ते फारसे फसले नाहीत. ज्यांनी मोठा मानसिक ताण सांगितला त्यांची आठवण तर अधिकच चांगली होती. मात्र तेच लोक घटनेच्या अधिक जवळ होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. तात्पर्य, 'घाबरलेला साक्षीदार म्हणजे निकामी साक्षीदार' असा नियम करता येत नाही. काय घडले हे बहुधा टिकते. अनोळखी चेहरा, रंग, मिनिटे, क्रम या गोष्टी लवकर ढळतात.

आता वयाकडे वळू. लहान मुलाला मोकळेपणी "काय झाले ते सांग" असे म्हटले, तर ते थोडे सांगते, पण जे सांगते ते पुष्कळदा बरोबर असते. बिघाड सुरू होतो तो आपण मोठी माणसे त्याच्या तोंडी शब्द घालू लागलो म्हणजे. १९९५ साली अमेरिकेत लाइक्टमन आणि सेसी यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीत सॅम स्टोन नावाचा पाहुणा दोन मिनिटे आला आणि काहीही न बिघडवता गेला. तो येण्यापूर्वी काही मुलांना अनेक दिवस सांगितले गेले होते की हा सॅम फार वेंधळा आहे. तो गेल्यावर पुढचे काही आठवडे त्यांना असे प्रश्न विचारले गेले की जणू त्यानेच पुस्तक फाडले आणि खेळण्यातले अस्वल मळवले. शेवटी विचारले तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी शेकडा सत्तरहून अधिक मुलांनी सॅमच्या माथी एक तरी खोडी मारली. ज्या मुलांचे कान असे कोणी फुंकले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण फारच थोडे होते.

शिक्षक बंधू-भगिनींनो, हा प्रयोग मी आपल्यासाठी मुद्दाम सांगितला. "तो मुलगा तसाच आहे" हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत किती सहज उच्चारले जाते! समजा, वर्गातून सहलीचे पैसे नाहीसे झाले. आपण चिमुकल्या साक्षीदाराला दरडावून विचारतो, "दप्तराजवळ तोच होता ना?" मूल घाबरलेले असते, सरांना काय हवे ते त्याला कळते आणि ते मान हलवते. त्या एका होकारावर दुसऱ्या मुलाच्या नावाला चोराचा डाग लागतो. पुढे पैसे कोठे सापडले तरी तो डाग पुसला जात नाही.

वृद्धांचे थोडे निराळे असते. घटनेचा गाभा त्यांना आठवतो. तपशील गळतात, आणि कोणती गोष्ट स्वतः पाहिली, कोणती नंतर ऐकली याची सरमिसळ होते. अनोळखी माणसांच्या रांगेत गुन्हेगार नसला तरी कोणाकडे तरी बोट दाखवण्याचा कल तरुणांपेक्षा त्यांच्यात अधिक आढळला आहे. त्यात नजर आणि कान मंदावलेले असतात. पण म्हणून साठी-सत्तरीच्या प्रत्येकाची साक्ष मोडीत काढणे हा अन्याय होईल.

या बाबतीतही मुहद्दिसांची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी ऐकणे आणि सांगणे या दोन पायऱ्या वेगळ्या मानल्या. लहानपणी ऐकलेली गोष्ट मोठेपणी सांगितली तर ती त्यांनी स्वीकारली. हजरत महमूद बिन रबी (र.) यांनी पाच वर्षांचे असताना हजरत पैगंबर (स.) यांच्यासंबंधी पाहिलेला प्रसंग इमाम बुखारी यांनी आपल्या संग्रहात घेतला आहे. लहान मुलाचे ऐकणे केव्हापासून ग्राह्य धरावे, या प्रकरणात तो येतो. उलट म्हातारपणी ज्यांच्या स्मरणात गोंधळ झाला, त्या अवस्थेला 'इख्तिलात' असे नाव दिले. अता बिन साइब हे असे एक रावी. त्यांना विद्वानांनी सरसकट टाकून दिले नाही. गोंधळ सुरू होण्यापूर्वी ज्यांनी त्यांच्याकडून ऐकले त्यांचे कथन घेतले, आणि नंतर ऐकलेल्यांच्या कथनाबाबत सावधगिरी बाळगली. म्हणजे माणसाचे वय पाहून निकाल दिला नाही. त्याने केव्हा ऐकले, कोणत्या अवस्थेत सांगितले, हे तपासले.

आपला कायदाही तत्त्वतः हेच म्हणतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ११८ आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १२४ यांचा आशय एकच आहे. प्रश्न समजून घेऊन समंजस उत्तर देता येत असेल तर प्रत्येक माणूस साक्ष देण्यास पात्र आहे. कोवळे वय किंवा अतिवृद्धपणा यामुळे ते जमत नसेल तरच तो अपात्र. १९८३ साली भारवाडा भोगिनभाई हिरजीभाई यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणाची अपेक्षा करता येत नाही. वेळेबद्दल लोक अंदाजानेच बोलतात. भराभर घडलेल्या घटनांचा क्रम चुकू शकतो. आणि पूर्ण खरा साक्षीदारसुद्धा न्यायालयाच्या वातावरणाने आणि वकिलाच्या बोचऱ्या प्रश्नांनी बावरून गोंधळू शकतो. हा निकाल मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा ते वृद्ध गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने आणखी काळजी घेतली आहे. मुलाला वारंवार साक्षीला बोलवायचे नाही, वकिलाने त्याच्यावर थेट प्रश्नांचा मारा करायचा नाही. प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारायचे.

पण आठवणीच्या चुकीची दुसरी किंमतही असते आणि ती निरपराध माणूस भरतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९८४ साली एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. गुन्हेगाराचा चेहरा ध्यानात राहावा म्हणून तिने त्या भयंकर प्रसंगातही तो निरखून पाहिला होता. तिने पोलिसांच्या छायाचित्रांतून आणि नंतर रांगेतून रोनाल्ड कॉटन नावाच्या तरुणाला ओळखले. तुमची निवड बरोबर आहे, अशा अर्थाचे शब्द पोलिसांकडून कानावर पडल्यावर तिची खात्री आणखी पक्की झाली. कॉटन दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. १९९५ साली डीएनए तपासणीने सिद्ध झाले की तो निर्दोष होता. ती तरुणी खोटे बोलली नव्हती. पुढे तिने त्याची माफी मागितली, त्याने ती दिली, आणि दोघांनी मिळून या विषयावर पुस्तक लिहिले. पण त्या तरुणाची दहा वर्षे कोण परत देणार?

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्ही एखादी घटना पाहिली तर घरी येऊन, इतरांशी चर्चा करण्यापूर्वी, आठवते तेवढे तारीख-वेळेसह लिहून ठेवा. चहाच्या टपरीवर चार जणांनी मिळून सांगितलेली हकीकत चौघांची होते, कोणा एकाची राहत नाही.

दुसरी, जे आठवत नाही त्याला "आठवत नाही" म्हणायला शिका आणि मुलांनाही शिकवा. परीक्षेत उत्तर कोरे सोडू नये हे आपण शिकवतो. साक्षीच्या वेळी मात्र जागा कोरी सोडणे हाच प्रामाणिकपणा आहे.

तिसरी, मुलाला विचारताना "काय झाले?" एवढेच विचारा आणि गप्प राहा. नाव आपण सुचवू नका. तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू नका. पहिले उत्तर चुकले, असे समजून मूल दुसरे उत्तर शोधू लागते. आणि रागात असताना तर चौकशीच करू नका. रागाच्या भरात काजीने निवाडा देऊ नये, अशी हदीस शरीफमध्ये शिकवण आहे. ती शिक्षकाला आणि बापालाही लागू आहे.

चौथी, वृद्ध माणसाला वेळ द्या. उजेडात, ऐकू येईल अशा आवाजात, एका वेळी एकच प्रश्न विचारा. "हे तुम्ही पाहिले की कोणी सांगितले?" एवढे नम्रपणे विचारले तर पुष्कळ गुंता सुटतो.

आणि पाचवी, एखाद्याची ठाम खात्री हा पुरावा मानू नका. खात्रीला दुसऱ्या कशाचा तरी आधार आहे का, ते पाहा. आज मोबाईल आणि कॅमेरे आले आहेत, कागदपत्रे आहेत. त्यांचा आधार घ्या, आणि तेही अर्धवट पाहून निकाल देऊ नका.

कुरआन शरीफच्या सूरह बकरहमधील २८२ वी आयत ही सर्वांत मोठी आयत मानली जाते. तिचा विषय काय, तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे आणि साक्षीदार ठेवणे. माणूस विसरतो हे गृहीत धरूनच तेथे तरतूद केलेली आहे. आणि त्याच आयतीत लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला त्रास पोहोचवू नये, अशी ताकीदही आहे. ही आयत मी लहानपणी मदरशात पाठ केली होती. एस. टी. स्टँडवर ते गृहस्थ समोर उभे राहिले तेव्हा मात्र ती मला आठवली नाही. ती आठवायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. तोवर ते अल्लाहला प्यारे झाले होते आणि माफी मागायची राहून गेली.

आपल्या शाळेतून उद्याचे शिक्षक, वकील, पोलीस अधिकारी, न्यायाधीश बाहेर पडणार आहेत, इन्शाअल्लाह. घाबरलेल्या मुलासमोर किंवा गोंधळलेल्या म्हाताऱ्यासमोर ते जेव्हा बसतील, तेव्हा त्यांनी आवाज थोडा खाली ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे.